फ्रँकफर्टचा शेवटचा रविवार: पुस्तक मेळ्यात पहिल्यांदा स्टॉल घेणाऱ्यांसाठी

फ्रँकफर्टचा पुस्तक मेळा ऑक्टोबरमध्ये बुधवारी सुरू होतो आणि रविवारी संपतो. पहिल्यांदा जाणारा प्रकाशक जी तयारी करतो ती सगळी पहिल्या तीन दिवसांची असते: भेटींच्या वेळा, कॅटलॉग, अनुवादाचे नमुने. रविवार म्हणजे आवराआवर आणि मग विमानतळ, एवढाच हिशेब मनात असतो. पण नवख्याचे पैसे जातात ते बहुतेक त्याच दिवशी. संध्याकाळी समोर शंभरेक पुस्तकं, दोन उभे बॅनर, उरलेले कॅटलॉग आणि एक प्रोजेक्टर असतो. बाहेर शहरातली दुकानं बंद, पोस्ट बंद, कुरिअरवाले येत नाहीत, आणि साडेसात टनांवरच्या ट्रकना जर्मनीत रविवारी रात्री दहापर्यंत रस्त्यावर बंदी असते. त्या वेळी पैसे टाकूनही फारसं काही हाती लागत नाही.

म्हणून पुढचं सगळं एका गोष्टीवर उभं आहे. स्टॉलवरची प्रत्येक वस्तू रविवारनंतर कुठे जाणार, हे शनिवारी रात्री झोपण्याआधी ठरलेलं आणि लिहिलेलं असलं पाहिजे.

रविवार कसा असतो

पहिले दिवस मुख्यतः व्यवसायातल्या लोकांचे, शनिवार-रविवार मुख्यतः वाचकांचे. पुस्तकांच्या अनुवाद-प्रकाशनाच्या हक्कांची खरेदी-विक्री करणारी मंडळी, विशेषतः मोठ्या प्रकाशनसंस्थांची आणि साहित्य-प्रतिनिधींची, शुक्रवार संध्याकाळपासून परतीला लागतात. ‘रविवारी निवांत बोलू’ असं कुणी म्हणालं तर ती भेट होणार नाही असंच धरा आणि शुक्रवारीच पाच मिनिटं मागून घ्या.

रविवारी येतात ते वाचक, मुलांना घेऊन आलेली कुटुंबं आणि मांगा-ॲनिमेतल्या पात्रांचे पोशाख घातलेली शेकडो तरुण मुलं. सगळ्यात जास्त दाटी जर्मन कथा-कादंबऱ्या आणि बालपुस्तकांच्या तिसऱ्या दालनात होते. आंतरराष्ट्रीय स्टॉल असलेली दालनं त्या मानाने मोकळी राहतात. हे कमीपणाचं नाही. आपल्या स्टॉलवर रविवारी थांबणारा माणूस वाट चुकून आलेला नसतो. भारतात राहून गेलेला, संस्कृत किंवा हिंदी शिकणारा, किंवा जर्मनीतच नोकरी करणारा आणि मुलांसाठी मराठी पुस्तक शोधणारा असा कुणीतरी असतो. त्याच्यासाठी वेळ द्या. आधीच्या चार दिवसांत नुसता वाचक म्हणून आलेल्या माणसाशी एवढं बोलायला सवड मिळत नाही.

त्याच सकाळी शहराच्या जुन्या भागात, पाउल्सकिर्शे या जुन्या चर्चच्या इमारतीत, जर्मन पुस्तक व्यवसायाचा शांतता पुरस्कार दिला जातो. २०२३ मध्ये तो सलमान रश्दींना मिळाला, २०२५ मध्ये इतिहासकार कार्ल श्ल्योगेल यांना. समारंभ निमंत्रितांसाठीच असतो, पण दूरचित्रवाणीवर थेट दाखवतात. जर्मन प्रकाशनसंस्थांचे प्रमुख त्या वेळी तिथे असतात, तेव्हा सकाळी त्यांच्या स्टॉलवर जाऊन शोधण्यात अर्थ नाही. युद्धानंतरचा पहिला मेळा १९४९ मध्ये भरला तो याच पाउल्सकिर्शेत. मेळ्यात दरवर्षी एक देश मानाचा पाहुणा असतो; रविवारी दुपारी त्याच्या दालनात पुढच्या वर्षीच्या देशाकडे मान सोपवण्याचा छोटा कार्यक्रम होतो. २०२५ मध्ये फिलिपिन्सने तो चेकियाकडे सोपवला. भारताला हा मान दोनदा मिळाला आहे, १९८६ आणि २००६ मध्ये. स्टॉलवर दोघं असाल तर एकाने हा कार्यक्रम जरूर बघावा. पाहुण्या देशाची अनुवाद-अनुदानं सांभाळणारी माणसं तिथे एका जागी भेटतात.

मेळा रविवारी संध्याकाळी साडेपाचला, म्हणजे इतर दिवसांपेक्षा तासभर आधी बंद होतो. त्याआधी स्टॉल मोडायला सुरुवात करायची नाही, हा नियम आहे. साडेचारला खोकं काढून पुस्तकं आत टाकायला लागलात तर आयोजकांचा माणूस येऊन थांबवेल. तो नाही आला तरी अर्धा रिकामा स्टॉल बघून पुढे निघून जाणारा वाचक तुम्हाला दिसणारसुद्धा नाही.

शुक्रवार-शनिवारी उरकायची कामं

जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात. मुख्य रेल्वे स्थानक आणि विमानतळावरची काही दुकानं उघडी असतात, पण तिथे खाणं आणि प्रवासाचं सामान मिळेल, पुठ्ठ्याची मजबूत खोकी नाहीत. त्यामुळे आवराआवरीचं सामान शनिवारी दुपारपर्यंत हातात पाहिजे:

• पाच पदरी पुठ्ठ्याची खोकी, साधारण ४० × ३० × ३० सेंटिमीटर. येताना वापरलेलीच सपाट करून जपली असतील तर उत्तम.
• पाच सेंटिमीटर रुंद चिकटपट्टी. स्टेशनरीतली बारीक सेलोटेप पुस्तकांचं वजन धरत नाही.
• जाड मार्कर, कटर, दोरी, प्लास्टिकच्या मोठ्या पिशव्या. खोक्याच्या आत पिशवीचं अस्तर असेल तर पावसात पुस्तकं वाचतात.
• हुकाचा वजनकाटा, सामानाला अडकवून उचलायचा. हा घरूनच न्या, आणि कटरसकट सगळं परतताना चेक-इन बॅगेत घाला.

येतानाची रिकामी खोकी स्टॉलच्या मागे रचायला जागा नसते आणि आगीच्या नियमांमुळे तशी ठेवूही देत नाहीत. अधिकृत फॉरवर्डर (मालाची ने-आण आणि त्याचे सीमाशुल्काचे कागद सांभाळणारी कंपनी) ती पैसे घेऊन साठवतो आणि मेळा संपल्यावर परत आणून देतो. पण ती साडेपाचला येत नाहीत. आधी गर्दी बाहेर जाते, वाटा मोकळ्या होतात, मग खोकी यायला लागतात, आणि त्यात दोन-तीन तास सहज जातात. पाच-सहाच खोकी असतील तर साठवणीच्या फंदात न पडता सपाट करून टेबलाखाली, कापडाआड ठेवा. रविवारची निम्मी वाट बघणं तेवढ्याने वाचतं.

परतीचं विमान रविवारी रात्रीचं घेऊ नका. सगळं सुरळीत झालं तरी स्टॉल सोडायला साडेसात-आठ होतात. त्यात विमानतळावर सीमाशुल्काचा शिक्का घ्यायचा असेल तर रात्रीच्या विमानाला पोचणं म्हणजे नशिबावर हवाला. सोमवारचं तिकीट काढा. हॉटेलची एक रात्र वाढते, पण सोमवारी पोस्ट आणि कुरिअर दोन्ही चालू असतात, आणि चुकलेलं दुरुस्त करायला निदान सकाळ हाताशी राहते.

चार ढीग

शनिवारी संध्याकाळी, मेळा बंद झाल्यावर, वही घेऊन बसा आणि स्टॉलवरची प्रत्येक वस्तू एकेका ढिगात घाला: विकायचं, द्यायचं, परत न्यायचं, टाकायचं. वहीत चार रकाने पाडा, शीर्षकानुसार आकडे लिहा. अर्ध्या तासाचं काम आहे, पण हे न केलेला माणूस रविवारी रात्री आठ वाजता एकेक पुस्तक हातात धरून विचार करत बसतो.

आधी वजनाचा अंदाज घ्या. डेमी आकाराचं, ७० ते ८० जीएसएम कागदावरचं दोनशे पानी मराठी पुस्तक सुमारे २३० ते २६० ग्रॅम भरतं. म्हणजे चाळीस पुस्तकं दहा किलो, आणि तेवीस किलोच्या एका बॅगेत, बॅगेचं स्वतःचं वजन वजा करता, पंचाहत्तरेक. शंभर पुस्तकं परत न्यायची ठरवली तर एक बॅग पूर्ण आणि दुसरी एक-तृतीयांश गेली. तुमचे कपडे, इतरांचे कॅटलॉग आणि भेट मिळालेली पुस्तकं अजून मोजलेलीच नाहीत. जादा बॅगेचं भाडं आणि त्या पुस्तकांची छपाईची किंमत शेजारी शेजारी मांडा. बहुतेक वेळा दीडशे-दोनशे रुपयांचं पुस्तक परत आणण्यापेक्षा योग्य माणसाच्या हातात देणं परवडतं. परत आणायचं ते दुर्मीळ, मोठ्या आकाराचं चित्रमय पुस्तक, किंवा ज्याची आवृत्ती संपत आली आहे ते.

द्यायच्या ढिगाचा विचार मेळ्याच्या निदान दोन आठवडे आधी सुरू झाला पाहिजे. मराठी पुस्तकांसाठी सगळ्यात जवळचं आणि सार्थ ठिकाण म्हणजे हायडेलबर्ग. फ्रँकफर्टहून रेल्वेने तासाभरावर असलेल्या तिथल्या विद्यापीठात १९६२ पासून दक्षिण आशिया संस्था आहे. खंडोबा, धनगर आणि महाराष्ट्रातल्या लोकदैवतांचा आयुष्यभर अभ्यास करणारे ग्युंटर सोन्थायमर तिथेच होते. हायडेलबर्गच्या ग्रंथालयांकडे दक्षिण आशियाई भाषांतल्या पुस्तकांचा मोठा संग्रह आहे. तिथे आधी ईमेल करा, शीर्षकांची यादी आयएसबीएनसकट पाठवा आणि त्यांना काय हवं ते विचारा. न विचारता खोकं पाठवलंत तर नोंदणीचं काम तुम्ही त्यांच्या गळ्यात मारता आणि पुस्तकं कोपऱ्यात पडून राहतात. त्यांना दहाच हवी असतील तर दहाच द्या. बाकीची जर्मनीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना, मुलांचे मराठी वर्ग चालवणाऱ्यांना द्या. त्यांनाही आधी कळवलं तर रविवारी पिशवी घेऊनच येतात.

टाकायच्या ढिगाबद्दल थोडक्यात. स्टॉलवर मागे सोडलेली प्रत्येक गोष्ट आयोजकांच्या लेखी कचरा असते आणि तो उचलायचा खर्च प्रदर्शकाच्या नावावर लागतो. ‘कुणी तरी नेईल’ म्हणून कॅटलॉगचा गठ्ठा सोडून येऊ नका.

विक्री

मेळ्यात सगळे दिवस, सगळ्या वेळी पुस्तकं विकता येत नाहीत. किरकोळ विक्रीला कोणत्या दिवशी, कधीपासून परवानगी आहे हे प्रदर्शकांसाठीच्या नियमपत्रात दिलेलं असतं आणि ते वेळोवेळी बदलतं. शेवटचा रविवार हा मात्र विक्रीचा दिवस म्हणून जुना रुळलेला आहे. सामूहिक राष्ट्रीय स्टॉलमध्ये तुमचं एक फळकूट असेल तर विक्रीची मुभा आहे का, हे स्टॉल चालवणाऱ्या संस्थेला आधी विचारा.

विकायची पुस्तकं जर्मनीत कायदेशीर आयात झालेली असली पाहिजेत. छापील पुस्तकांवर युरोपीय संघात सीमाशुल्क नाही, पण जर्मनीत सात टक्के मूल्यवर्धित कर लागतो. फॉरवर्डरमार्फत पाठवलीत तर तो हे उरकतो. बॅगेतून नेलीत तरी विक्रीसाठी नेलेलं पुस्तक हा व्यापारी मालच. फ्रँकफर्टला उतरल्यावर लाल मार्गिकेतून, म्हणजे सीमाशुल्काला माल जाहीर करायच्या वाटेने, जाऊन यादी दाखवा. हजार युरोंच्या आणि हजार किलोंच्या आतला माल तोंडी जाहीर करता येतो, त्याला वेगळी इलेक्ट्रॉनिक नोंद लागत नाही. करभरणीची पावती जपा, ती रविवारी आणि परतताना दोन्ही वेळा कामी येते.

किमतीचं एक लक्षात घ्या. जर्मन पुस्तकांची किंमत २००२ च्या कायद्याने बांधलेली आहे. प्रकाशकाने ठरवलेल्या किमतीलाच प्रत्येक दुकानदाराने पुस्तक विकायचं. त्यामुळे आपल्याकडच्या प्रदर्शनांत शेवटच्या दिवशी ‘तीन घ्या, दोनचे पैसे द्या’ अशी जी झुंबड उडते, ती इथल्या जर्मन दालनात दिसत नाही. खराब झालेली, तसा शिक्का मारलेली प्रत तेवढी स्वस्तात मिळू शकते. भारतातून आणलेल्या मराठी किंवा इंग्रजी पुस्तकांना हे बंधन लागू नाही, पण जर्मन वाचक घासाघीस करायला आलेला नसतो. एक स्वच्छ, करासकट किंमत युरोत लिहा आणि तीच ठेवा. पाच, आठ, दहा, पंधरा असे सोपे आकडे बरे. ४.७५ सारखी किंमत म्हणजे दिवसभर सुटे शोधणं.

सुट्यांसाठी शुक्रवारी बँकेतून किंवा हॉटेलातून साठ-सत्तर युरोंची चिल्लर आणून ठेवा: एक आणि दोन युरोची नाणी, पाचाच्या पाच-सहा नोटा. कार्डयंत्र हवं असेल तर ते बहुधा युरोपातल्या बँक खात्याला जोडावं लागतं, त्यामुळे आयत्या वेळी मिळत नाही. प्रत्येक विक्री वहीत लिहा: वेळ, शीर्षक, प्रती, रक्कम. दिवसाच्या शेवटी तीच तुमची कराची, बँकेची आणि परतीच्या यादीची आधारनोंद. पैशांचा डबा टेबलावर ठेवू नका. कमरेच्या पाकिटात, अंगावर.

भारतात परतल्यावर निर्यातीचे कागद ज्या बँकेतून गेले होते तिला विक्रीची रक्कम आणि परत आलेला माल या दोन्हींचा मेळ दाखवावा लागतो. वही नीट असेल तर हे तासाभराचं काम, नसेल तर महिने जातात.

साडेपाचनंतर, क्रमाने

१. चारच्या सुमारास फोन, लॅपटॉप चार्जिंगला लावा. मेळा बंद झाल्यावर स्टॉलची वीज केव्हाही तोडली जाऊ शकते.

२. घोषणा होताच आधी मौल्यवान वस्तू अंगावरच्या बॅगेत: लॅपटॉप, प्रोजेक्टर, पैसे, पासपोर्ट, सीमाशुल्काचे कागद, भेटींची वही. चोऱ्या सगळ्यात जास्त होतात त्या याच दोन तासांत. आत-बाहेर करणाऱ्यांचे पास कुणी बारकाईने बघत नसतं, सगळे खोकी वाहत असतात, आणि कुणाचं खोकं कुणी उचललं हे कळत नाही. दोघांपैकी एक जण स्टॉलवर कायम हवा. एकटे असाल तर शेजारच्या स्टॉलवाल्याशी दुपारीच आळीपाळी ठरवा.

३. रिकामा होण्याआधी स्टॉलचे फोटो काढा, भिंती आणि फर्निचर दिसेल असे. भिंतीला भोक पडलं, फळी मोडली असं नंतर बिल आलं तर हेच दाखवता येतं. मग दुहेरी चिकटपट्टीने लावलेली पोस्टर हळू, खालून वर सोलून काढा. भाड्याच्या भिंतीचा पापुद्रा निघाला तर भरपाई द्यावी लागते.

४. पुस्तकं ढिगांप्रमाणे खोक्यात. खोकं बंद करण्याआधी आतल्या पुस्तकांची यादी दोन प्रतींत करा, एक आत, एक तुमच्याकडे.

५. भाड्याचे दिवे, फळ्या, खुर्च्या, कुलूप-किल्ली जशाच्या तशा ठेवा. किल्ली हातोहात परत करा आणि सही घ्या. हरवलेल्या किल्लीचा दंड किल्लीच्या किमतीच्या कितीतरी पट असतो.

६. फॉरवर्डरकडे जाणाऱ्या खोक्यांवर त्याचीच लेबलं, दोन बाजूंना. सगळी येतानाची जुनी लेबलं खरवडून काढा किंवा मार्करने फुल्या मारा. परतीच्या प्रवासात खोकं भलतीकडे जायचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे वर राहिलेलं जुनं लेबल. खोकी सोडून जाऊ नका. फॉरवर्डरचा माणूस येऊन नग मोजून पावती देईपर्यंत थांबा. त्याच्या कार्यालयात रांग लागते, म्हणून परतीचा अर्ज शनिवारीच भरून द्या.

बाहेर पडल्यावर मेस्से स्थानकावरून एस-बान (उपनगरी रेल्वे) किंवा फेस्टहाले/मेस्सेवरून यू-४ (भुयारी रेल्वे) धरली की काही मिनिटांत मुख्य रेल्वे स्थानक. तिथून एस-८ किंवा एस-९ विमानतळाला. अवजड खोकी घेऊन साडेपाच ते साडेसहाच्या गर्दीत या गाड्यांत शिरायचा प्रयत्न करू नका. तासभर उशिरा निघा.

खोकं भरताना

पुस्तकं आडवी रचा, किंवा शेल्फात ठेवतो तशी उभी. कणा वर आणि पानांची कड खाली अशी कधीच नको. त्या अवस्थेत पानांचा सगळा भार खाली ओढला जातो आणि चिकटवलेली बांधणी सुटते. आडव्या रचनेत दर चार-पाच पुस्तकांनंतर कणे उलट बाजूला फिरवा, म्हणजे थर सपाट राहतो. मोठी पुस्तकं तळाला.

वीस किलोच्या वर एक खोकं जाऊ देऊ नका. ४० × ३० × ३० चं खोकं पुस्तकांनी गच्च भरलं तर पंचवीस किलोंच्या वर जातं, म्हणून ते पाऊण भरा आणि उरलेली जागा चुरगळलेल्या कागदाने घट्ट करा. जागा मोकळी सोडली तर आतली पुस्तकं सरकत राहतात, कोपरे दबतात, आणि वर दुसरं खोकं आलं की पुठ्ठा बसतो. तळाच्या जोडावर चिकटपट्टीचे दोन पट्टे, दोन्ही कडांवर एकेक, वरही तसंच. चेक-इन बॅगेत भरत असाल तर ३२ किलो ही एका नगाची वरची मर्यादा आहे. जादा पैसे भरूनही त्यावरचं वजन सहसा घेत नाहीत.

कुरिअरचं भाडं प्रत्यक्ष वजन आणि आकारी वजन यांत जे जास्त त्यावर लागतं. आकारी वजन म्हणजे लांबी × रुंदी × उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ५०००. विमान-मालवाहतुकीत बहुधा ६०००. पुस्तकं मुळातच जड, त्यांना याचा फटका नाही. फटका बसतो पोस्टरच्या नळीला: १०० × १५ × १५ ची नळी प्रत्यक्षात दीड किलो, पण भाडं साडेचार किलोंचं. फ्लेक्स बॅनर पुढच्या वर्षी तसाच वापरणार नसाल तर कापड काढून टाका आणि फक्त घडीचा ॲल्युमिनियमचा सांगाडा न्या.

माल लाकडी पेटीत आला असेल तर पेटीवर गव्हाच्या लोंबीचं चिन्ह असलेला आयपीपीसीचा (वनस्पती-संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय कराराचा) शिक्का शाबूत आहे ना ते बघा. लाकूड कीडमुक्त केल्याची, बहुधा गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला निदान तीस मिनिटं तापवल्याची ही खूण. एखादी फळी मोडली म्हणून तिथल्याच कुठल्याशा लाकडाने दुरुस्ती केलीत तर ती पेटी भारतात बंदरावर अडते. खोकं पुठ्ठ्याचं असेल तर हा प्रश्नच येत नाही.

कार्ने काढलं असेल तर

एटीए कार्ने म्हणजे माल तात्पुरता परदेशी नेऊन, शुल्क न भरता परत आणायचा परवाना. भारतात तो फिक्की ही उद्योग-व्यापार संघटना देते आणि जास्तीत जास्त एक वर्ष चालतो. शंभर-दीडशे पुस्तकांसाठी तो काढू नका. त्यातली एकही प्रत रविवारी विकता किंवा भेट देता येत नाही, आणि पुस्तकांवर तसंही शुल्क नसल्याने वाचतो तो फक्त सात टक्के कर. कार्ने शोभतं ते महागड्या यंत्रांना, मूळ चित्रांना, हस्तलिखितांना.

कार्नेच्या गठ्ठ्यात पिवळी पानं मायदेशातून निघताना आणि परतताना वापरायची, पांढरी परदेशात शिरताना आणि तिथून निघताना. प्रत्येक वेळी अधिकारी एक भाग फाडून घेतो आणि मागे राहिलेल्या अर्ध्यावर शिक्का मारतो. म्हणजे जाताना-येताना मिळून चार शिक्के. नवखे चुकतात ते तिसऱ्यावर. रविवारच्या घाईत बॅगा चेक-इनला देऊन मोकळे होतात आणि मग सीमाशुल्काच्या खिडकीवर जातात. अधिकारी माल दाखवा म्हणतो, आणि माल तर पट्ट्यावरून आत गेलेला असतो. क्रम असा ठेवा: आधी सीमाशुल्क, माल दाखवून पांढऱ्या पानावर शिक्का, मग चेक-इन. त्यासाठी नेहमीपेक्षा दीड तास आधी पोचा.

तिसरा शिक्का नसेल तर जर्मन सीमाशुल्काच्या दृष्टीने माल तिथेच राहिला. काही महिन्यांनी फिक्कीकडे दावा येतो. शुल्क, कर आणि त्यावर दहा टक्क्यांपर्यंत जादा रक्कम तुमच्या ठेवीतून जाते. आणखी एक तारीख बघा. येताना अधिकाऱ्याने पांढऱ्या पानाच्या मागे राहिलेल्या भागावर माल परत न्यायची शेवटची तारीख लिहिलेली असते, आणि ती कार्नेच्या मुदतीपेक्षा बरीच आधीची असू शकते. बंधनकारक तीच. भारतात उतरल्यावर लाल मार्गिकेतून जाऊन चौथा, पिवळ्या पानावरचा शिक्का घेतला की कार्ने फिक्कीला परत करा.

प्रोजेक्टर किंवा कॅमेरा कार्नेशिवाय, नुसता बॅगेतून नेणार असाल तर भारतातून निघतानाच विमानतळावर सीमाशुल्काकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्या. परतताना तो तिथे विकत घेतलेला नाही हे मग सिद्ध करत बसावं लागत नाही.

सोमवार

सकाळी पोस्ट उघडलं की हायडेलबर्गचं खोकं टाका. जर्मनीअंतर्गत पार्सल ३१.५ किलोंपर्यंत घेतात, पण तुमचं वीसच्या आतलं असेलच. आणि विमानात बसायच्या आधी भेटींची वही पूर्ण करा. पाच दिवसांत पन्नास माणसं भेटलेली असतात, आठवडाभरात चेहरे एकमेकांत मिसळतात. प्रत्येक नोंदीत निदान एवढं हवं: माणूस, संस्था, भाषा, कोणतं पुस्तक, त्याने नेमकं काय मागितलं, तुम्ही काय आणि कधीपर्यंत देतो म्हणालात. ‘रस आहे’ एवढंच लिहिलेली नोंद निरुपयोगी. ‘तुर्की, सारांश आणि पंधरा पानं इंग्रजीत, नोव्हेंबरमध्ये त्यांच्या संपादकांची बैठक’ अशी हवी.

मागितलं तेवढंच पाठवा, आणि दहा दिवसांच्या आत. न मागता अख्ख्या पुस्तकाची पीडीएफ पाठवू नका; त्याऐवजी एक पानाचा सारांश, लेखकाची ओळख, दहा ते वीस पानांचा चांगला इंग्रजी अनुवाद, आणि कोणते हक्क मोकळे आहेत याची एक ओळ. छोट्या भाषेतला प्रकाशक अनुवादाच्या खर्चापाशी अडतो. नॅशनल बुक ट्रस्टची भारतीय पुस्तकांच्या परदेशी भाषांतल्या अनुवादासाठी अर्थसाहाय्याची योजना आहे, तिचा उल्लेख त्याच पत्रात करा, अर्जाची माहिती सोबत जोडा. जर्मनीतल्या वाचकांचे ईमेल घेतले असतील तर बातमीपत्र पाठवायला त्यांनी स्पष्ट होकार दिला होता का ते बघा; नसेल तर एकदाच, व्यक्तिगत पत्र लिहून विचारा.

पुढच्या वर्षीचा स्टॉल नोंदवायचा विचार असेल तर जागा, कोपरा, शेजार याबद्दलच्या सूचना याच वहीत, याच सोमवारी लिहा. फळ्या किती कमी पडल्या, कोणत्या शीर्षकासमोर लोक थांबले, किती प्रती परत न्याव्या लागल्या हे आकडे फेब्रुवारीत आठवत नाहीत, आणि पुढच्या खेपेला चाळीस किलो न्यायची की पंधरा, हे त्यांच्यावरच ठरतं.